लेकीच्या घरचं पाणी

मूल
१६ एप्रिल २०२४

चिरंजीव खुशाल यास मनकर्णाबाईचा आशीर्वाद.

बाबू, काल सूनबाई रीतानं पाटीवर लिहून दाखवलं, "मामाजी फ्रान्सला चालले, सायकलीवर." मी म्हटलं, ऊर्जानगरातून पायडल मारत निघाला तर हा माणूस पोहोचते कधी? ती हसत बसली. मग दुसऱ्यांदा लिहिलं, की जाणार इमानानं, सायकल तिथं गेल्यावर. माझे कान गेल्यापासून प्रत्येक गोष्ट अशी दोन हप्त्यांत येते. फोनवर तू कितीही बोंबललास तरी मले मधमाशी गुणगुणल्यासारखं होते, म्हणून आपली पत्रंच बरी.

सायकल बिजलीची आहे म्हणे. एवढी वर्षं पावर हाऊसात तू बिजली तयार केलीस, आता तिनं तुले थोडं ओढलं तर काही बिघडत नाई. पण एक विचारते. नूतनच्या लग्नाले सहा वर्षं झाली अन तिच्या तिथल्या घराचा उंबरठा तू अजून पाहिला नाईस. ती बलावते, तू काही ना काही पुढे करतोस. कधी पोराची, विक्कीची ड्युटी, कधी गुडघा. खरं कारण मले ठाऊक आहे. नातवाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरी घास नाई अन पाण्याचा घोट नाई, हा आपल्या घरचा नेम तू बाबांपेक्षा कडक पाळतोस. मग यावेळी हो कसा म्हणालास? उपाशी राहणार काय तिथं?

जानेवारीत पोरगी आली तेव्हा माझ्याजवळ राहून गेली. तिची माय गेल्यावर दोन वर्षं ती माझ्याच घरून शाळेत जायची, तिचा चेहरा मले पाटीशिवाय वाचता येते. वाळली आहे. तू जा तिच्याकडे. कशाचंही निमित्त कर, पण जा.

उन्हात दुपट्टा बांधल्याशिवाय निघू नको.

तुझी बाई


ऊर्जानगर
२३ एप्रिल २०२४

पूज्य मनकर्णाबाईस खुशालचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बाई, तुझं पत्र विक्कीनं गेटवरून आणून दिलं. तुझा प्रश्न बरोबर आहे, पण तुझ्या भाचीनं तो आधीच सोडवला. इंजिनेर आहे शेवटी. तिनं असं ठरवलं, की मी गेल्यावर एखाद-दोन दिवस तिच्या घरी टेकायचं आणि मग आम्ही बापलेकीनं सायकली घेऊन निघायचं. तिच्या गावाजवळ आल्सास म्हणून मुलूख आहे, सगळा द्राक्षांचा. मळ्यामळ्यातून रस्ता जाते, आणि मध्ये मध्ये सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची गावं, जशीच्या तशी. रोज नव्या गावात मुक्काम, तिथल्याच खानावळीत जेवण. आता खानावळ म्हणजे काही लेकीचं घर नव्हे. नेमही राहतो, भेटही होते. घरी टेकण्यापुरती शिदोरी मी सोबत नेतो.

मी तिला फोनवर म्हणालो, "नातवाचं तोंड दाखव पोरी, मग तुझ्या घरी असा जेवतो की जवाईबापूले तांदूळ आणाले धावावं लागन." ती हसली. नंतर आवाज आला नाही, बहुतेक लाईन कटली.

सायकलीचा सराव सुरू आहे. आमच्या कॉलनीत श्रीहरीच्या पोरानं त्याला बिजलीची सायकल घेऊन दिली आहे. त्याला बसायची भीती वाटते, म्हणून मीच फिरवतो. पायडल मारावं लागते, पण मागून कोणी हळूच हात लावून ढकलून राह्यलं असं वाटते. परवा मी कंपनीच्या बसच्या पुढे निघालो. ड्रायव्हर ओळखीचा, खिडकीतून मुंडकं काढून म्हणाला, "काऊन खुशालभाऊ, ड्युटी लागली काय परत?" मी म्हणालो, "लागली. यावेळी फ्रान्सात."

जानेवारीत ती वाळलेली मलाही दिसली. पोटाचं काही छोटं ऑपरेशन झालं होतं म्हणाली. आता बरी आहे.

तुझा खुशाल


मूल
५ मे २०२४

खुशाल,

ही चिठ्ठी डब्यासोबत रीताच्या हातानं पाठवून राह्यली. मोठ्या डब्यात पोह्यांचा चुडा आहे, बारक्यात जवसाची चटणी. फडक्यात बांधलेले शंकरपाळे तुझे. कैरीचं लोणचं वेगळं बांधलं आहे, ते नूतनचं अन जवाईबापूचं. त्याले हात लावू नको, मी तुले ओळखते.

तिथून पत्र लिहिलंस की त्याचा फोटो काढून रीताच्या फोनवर टाक. ती झेरॉक्सच्या दुकानातून कागद काढून आणीन. माझं पत्र ती तसंच तुले पाठवीन. मले फोनच्या काचेवर वाचता येत नाई, कागद पाह्यजे.

नूतन पाण्याचा गिलास घेऊन समोर आली तर दोनदा विचार कर. एवढंच म्हणते.

बाई


स्ट्रासबुर्ग
१० मे २०२४

पूज्य बाईस नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. चंद्रपूरहून निघालो तेव्हा पंचेचाळीसच्या वर ऊन होतं, इथं विमानातून उतरलो तर बॅगेतून स्वेटर काढून घालावा लागला. अश्विन जवाईबापू घ्यायला आले होते. मी त्यांना मिठी मारली, तर ते माझ्या पाया पडण्यासाठी वाकलेले. दोघांच्या टाळक्यांचा आवाज आला.

घर चौथ्या माळ्यावर आहे, स्वच्छ, खिडकीतून नदी दिसते. नूतननं दारातच पाण्याचा गिलास आणला. सवयीनं आणला असेल, तसाच परत घेऊन गेली. तू दोनदा विचार कर म्हणाली होतीस, मी केला, पण हात पुढे झाला नाही.

आता गंमत ऐक. जेवणाच्या वेळी मी डबा घेऊन खाली उतरलो. बिल्डिंगच्या अंगणात एक बाक आहे आणि जवळ सार्वजनिक नळ आहे. तिथं बसून चुडा-चटणी खाल्ली, नळाचं पाणी प्यालो. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरची म्हातारी, मदाम क्लेर तिचं नाव, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वर बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "हो, लेक. माही लेक." आणि खाली बोट दाखवून म्हणालो, "मी इथी." तिनं तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळानं माझ्यासाठी गरम सूप आणि पाव घेऊन आली आणि मी खात असताना तरातरा जिना चढून वर गेली.

नूतननं नंतर सांगितलं, की तिनं दारात उभं राहून नूतनला झाप झाप झापलं. म्हाताऱ्या बापाला कोणी घराबाहेर जेवायला बसवते काय, लाज वाटत नाही काय, म्हणे. नूतननं खूप समजावलं, पण असा नेम तिच्या भाषेत बसतच नाही. मला हसू आवरेना. मी म्हणालो, "पाह्य, शेजारीण चांगली मिळाली तुले." नूतन म्हणाली, "हो बाबा, तिच्या घरचं सूप चालते तुमाले." आणि आत जाऊन कपडे घड्या करत बसली. जरा फणकाऱ्यातच होती. म्हातारीनं बोलल्याचं मनाला लागलं असावं.

उद्या रेल्वेनं कोलमारला जायचं, तिथून सायकली.

तुझा खुशाल


मूल
१२ मे २०२४

चिरंजीव खुशाल,

तुझं पत्र रीतानं आणलं. टाळक्यांची गोष्ट वाचून मी एवढी हसली की शेजारची चंचल पाहाले आली, म्हातारीले काय झालं म्हणून. म्हातारीच्या सुपाची गोष्ट वाचून मात्र हसू आलं नाई. तुले काऊन आलं, मले समजलं नाई. पोरगी म्हातारीवर फणकारली नव्हती, बाबू.

आता मी सांगते ते नीट वाच. सायकलीवर नूतनले दमू देऊ नको. चढ आला की थांबायचं निमित्त तू कर, तिच्यावर येऊ देऊ नको. थंडीत तिले पोटाले पट्टा बांधाले लाव. तिच्या तब्येतीचं काही विचारू नको. अन नातवाचा विषय काढू नको. नको म्हणजे नकोच, थट्टेतही नको. काऊन म्हणून मलेही विचारू नको. काय सांगायचं, कधी सांगायचं, हे तिचं तिले ठरवू दे. मी तिले शब्द दिला आहे.

द्राक्षाचा मुलूख आहे म्हणतोस. तिथं पाण्यासारखी दारू मिळत असन. तू कधी शिवला नाईस, म्हातारपणी सुरू करू नको.

इथं ऊन एवढं आहे की कुरड्या सकाळी टाकल्या तर दुपारी कडकडीत वाळतात.

तुझी बाई


रिकवीर
१५ मे २०२४

पूज्य बाईस खुशालचा लोटांगण घालून नमस्कार.

बाई, तू शब्द पाळलास, एक अक्षर फोडलं नाहीस, पण मी तुझा भाऊ आहे. समजलो मी. पोटाला पट्टा बांध, दमू देऊ नको, विषय काढू नको, तिचं तिला सांगू दे. एवढं वाचून न समजायला मी काय दुधखुळा आहे? पहिले तीन महिने कोणाला सांगत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. मी तुझं पत्र खानावळीच्या पायरीवर बसून वाचलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मालकीण बाई विचारायला आली, तर मी तिलाही हातानं पोटाचा आकार करून दाखवला. तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. इथं तशी पद्धत आहे, गैरसमज करू नको.

नूतनला मी काही बोललो नाही. तू सांगितल्याप्रमाणे वागून राह्यलो. तिची पिशवी माझ्या सायकलीला लावतो. चढ आला की म्हणतो, "थांब वं पोरी, माहा गुडघा." ती म्हणते, "बाबा, बटन दाबून वरच्या नंबरवर घ्या, गुडघा दुखणार नाई." मी म्हणतो, "ब्याटरीचा काय भरवसा." ती माझ्याकडे पाहत राहते.

आता मुलूख कसा ते सांगतो. टेकड्यांच्या उतारावर नजर जाईल तिथपर्यंत द्राक्षांच्या ओळी, आपल्याकडे धानाचा रोवणा झाल्यावर बांध्या दिसतात तशा हिरव्या, पण तारेवर चढवलेल्या. घड अजून धरले नाहीत, कोवळी पानं आहेत. गावं पाहिली तर तुला नवल वाटेल. घरं लाकडी चौकटीची, आणि चौकटीच्या मधल्या भिंती काड्या-मातीच्या, चुना लावलेल्या. म्हणजे आपल्या कुडाच्याच भिंती, बाई. आपण घरकुल आल्यावर कूड पाडून टाकला, यांनी रंगवून ठेवला आणि जगभरचे लोक फोटो काढून राह्यले. एका भिंतीचा पोपडा निघाला होता, मी वाकून बोट लावलं. आत खरंच माती आणि गवताचं भुस होतं. नूतन म्हणाली, "बाबा, हात लावू नका, पाचशे वर्षांची आहे." मी म्हणालो, "लिंपाले झाली मग."

एगिसहाइम म्हणून एक गाव लागलं, ते गोल आहे. गल्ल्याही गोल. मी एकटा फिरायला निघालो आणि तीनदा त्याच पाववाल्याच्या दुकानासमोर आलो. तिसऱ्यांदा त्यानं मला पाव दिला.

दारूचं म्हणशील तर तळघरात नेऊन चाखायला देतात. मी वास घेतला आणि परत दिली. मोहाच्या फुलाची सर नाही.

इथल्या घरांच्या धुराड्यांवर करकोचे घरटी करतात, आता पिल्लं आहेत. इथले लोक म्हणतात, करकोचा लेकरू आणून देते. दुकानात कापडी करकोचा मिळाला, चोचीत गाठोडं आणि गाठोड्यात बाळाचं मुंडकं. मी घेतला. उद्या संध्याकाळी तिला देतो. आणि बाई, आता घरी परत गेल्यावर मी अंगणात बसणार नाही. नातवाचं तोंड पाहायला वेळ आहे, पण तो आहे तर खरा. तेवढ्यावर मी तिच्या हातचं जेवणार. नेमालाही एवढं चालेल.

तुझा, मामाजींचा आबाजी होऊ घातलेला,
खुशाल


मूल
१७ मे २०२४

खुशाल, बाबू,

तुझा कागद आत्ता हाती आला. परवापासून वाऱ्यानं लाईन गेली होती, दुकानाचं मशीन बंद, रीताच्या फोनची ब्याटरीही बसली. तू ते खेळणं दिलं नसशील तर देऊ नको. पिशवीत तळाशी घाल.

मी असं कसं लिहिलं की तू उलटच वाचलंस. तुझी चूक नाई, मीच अर्धं बोलली. आता पूर्ण लिहिते, शब्द मोडून लिहिते.

नूतनले लेकरू होणार नाई. दिवाळीच्या आधी झालं ते ऑपरेशन छोटं नव्हतं. गर्भाची पिशवी काढून टाकावी लागली, नाईतर जिवावर होतं. जवाईबापू तिच्याजवळ बसून होते, दुसरं कोणी नाई. जानेवारीत माझ्या कुशीत झोपून तिनं माझ्या कानात सांगितलं. त्यातल्या त्यात बऱ्या कानात, तेवढंच ऐकू आलं, अन ते हे. म्हणाली, "आत्याबाई, बाबाले सांगू नका. बाबा वाट पाहून राह्यले."

तू रागावशील तर माझ्यावर रागाव.

बाई


रिबोव्हिले
१७ मे २०२४

पूज्य बाई,

तुझं पत्र आज दुपारी उशिरा वाचलं. खेळणं काल दिलं होतं.

काल जेवताना मी करकोचा टेबलावर ठेवला. म्हणालो, "मले सगळं समजलं, पोरी." तिनं त्या गाठोड्यातल्या मुंडक्याकडे पाहिलं. म्हणाली, "आत्याबाईनं सांगतलं?" मी म्हणालो, "नाई, मीच ताडलं. आता घरी चाल, तुह्या हातचं जेवतो की नाई पाह्य." ती उठून खोलीत गेली. मला वाटलं लाजली. मी दोघांच्या ताटातलं संपवलं, बाई. एवढा खूश होतो.

सकाळी निघालो तर ती थांबायला तयार नाही. रस्ता चढाचा, दोन्ही बाजूंना द्राक्षं, आणि ती पुढे पुढे. मी आवाज दिला, "दमशीन वं." तिनं वळून पाहिलं नाही. खुशीच्या भरात मी सायकल चार्जिंगला लावायची विसरलो होतो, अर्ध्या चढावर ती मेली. बिजली गेल्यावर ती सायकल नुसतं लोखंड असते. मी उतरून ढकलत राहिलो. वरच्या वळणावर नूतन थांबलेली दिसली. थोडा वेळ उभी राहिली, मग उतरून खाली आली.

रस्त्याच्या कडेला दगडाची बुटकी भिंत होती, तिथं बसलो. ती म्हणाली, "बाबा, तुमाले काय समजलं?"

मी म्हणालो, "हेच, की तू..."

"नाई बाबा. काही नाई. अन होणारही नाई."

मग तिनं सांगितलं. तुझ्या पत्रात आहे तेच, पण तिच्या तोंडून. डॉक्टरनं काय म्हटलं, अश्विननं कोणत्या कागदावर सही केली, दवाखान्याच्या खिडकीतून काय दिसत होतं. मी मध्ये एकदाच बोललो. विचारलं, "बहुत दुखलं काय?"

ती म्हणाली, "तेव्हा नाई."

थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, तुमचा नेम मी लहानपणापासून ऐकते. आता नातू नाई, म्हणजे तुमी माह्या घरी कधीच जेवणार नाई. मंग मी हे सायकलीचं काढलं. खानावळीत तरी रोज तुमच्यासमोर बसून जेवता येईन. नाईतर मले सायकलीचा काय शौक आहे? ऑफिसलेही मी बसनं जाते."

बाई, मला वाटत होतं पोरीनं मला देश दाखवायला आणलं.

मी उठलो आणि सायकल ढकलू लागलो. तिनं तिची सायकल माझ्या हातात दिली आणि माझी जड सायकल स्वतः घेतली. मी सवयीनं म्हणालो, "तू नको ढकलू." ती म्हणाली, "काऊन? मी पोटुशी नाई, बाबा." ती हसली. मग मीही हसलो. दोघंही त्या चढावर थांबून हसलो, डोळे पुसत. वरून एक गोरं जोडपं सायकलीवर आलं, तेही आमच्याकडे पाहून हसलं आणि काहीतरी शुभेच्छा देऊन गेलं.

करकोचा मी परत मागितला. ती म्हणाली, "राहू द्या, मले आवडला."

आता उरलं ते मी तुलाच विचारू शकतो. नेम माझा एकट्याचा नाही. आजानं पाळला, बाबांनी पाळला. नातू होणार म्हणून मी थोडा वाकवायला निघालो होतो, पण आता वाकवायचा प्रश्न नाही, मोडायचाच आहे. मोडला तर बाबांच्या मागे उरलेली एक गोष्ट, तीही मीच टाकली असं होईल. न मोडला तर अंगणातला बाक आहेच, मरेपर्यंत. तू थोरली आहेस. तू हो म्हण किंवा नको म्हण.

तुझ्यावर राग नाही.

खुशाल


मूल
१८ मे २०२४

बाबू,

मी हो म्हणणार नाई अन नकोही म्हणणार नाई. माझ्या सांगण्यावर जेवलास तर पोरीच्या घरी माझा भाऊ जेवला असं होईन. तिचा बाप जेवाले पाह्यजे.

पण एक गोष्ट लिहिते, ती मी तुझ्या भावजीलेही कधी बोलली नाई. माझं लग्न झाल्यावर बाबा मले भेटाले यायचे. भर उन्हात आपल्या गावाहून पायी. ओसरीवर बसायचे, मले पाहायचे, सासूशी दोन शब्द बोलायचे, अन उठायचे. मी पाण्याचा गडवा भरून ठेवायची. ठाऊक होतं, पेणार नाईत, तरी ठेवायची. ते गेले की मी दारात उभी राहून त्यांचा पाठीवरचा दुपट्टा दिसते तोवर पाहायची. वाटेत पाटलाच्या विहिरीवर थांबून ते ओंजळीनं पाणी पेताना मले दारातून दिसायचे. लोक म्हणायचे, बाप नेमाचा पक्का आहे. मले वाटायचं, माझ्या गडव्यातल्या पाण्याले काय झालं?

पुढे लेकरं झाली, ते जेवलेही. पण मले आठवते ते पाणीच.

मी पोरीले दिलेला शब्द काल मोडला. मोडल्यावर काही झालं नाई. रीतानं चहा आणून दिला, तो मी प्याली.

तुझं तू पाहा.

बाई


स्ट्रासबुर्ग
२० मे २०२४

पूज्य बाईस नमस्कार.

आज दुपारी सायकलींवरच गावात शिरलो. शेवटचा रस्ता कालव्याच्या काठानं होता, सपाट, त्यामुळे मी बिजली बंदच ठेवली. नूतन म्हणाली, "काऊन बाबा, ब्याटरी तं भरलेली आहे." मी म्हणालो, "असू दे, घाई नाई." खरं म्हणजे घर जवळ येऊन राह्यलं होतं आणि माझं काही ठरत नव्हतं.

तुझा गडवा रस्ताभर डोक्यात होता. ओंजळीनं पाणी पिणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते. मी तर त्यांना नेहमी गडवा नाकारताना पाहिलेलं, आणि मला ते फार मोठे वाटायचे. ते मोठेच होते, बाई. पण त्यांना तहान लागलेली असायची.

सायकली खाली बांधल्या आणि चार माळे चढलो. अश्विननं दार उघडलं. नूतन यावेळी गिलास घेऊन आली नाही. आत जाऊन खिडक्या उघडू लागली. पाहुण्यानं नाकारलेली गोष्ट माणूस किती वेळा पुढे करेल? मी बूट काढले, खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "नूतन, पाणी आण."

ती खिडकीशीच थांबली. अश्विन उठायला लागले, मी त्यांना हातानं बसवलं. तिनं पाणी आणलं. गिलास भरून काठोकाठ, अर्धं तिच्या हातावर सांडलं. मी प्यालो. नळाचंच पाणी, अंगणात होतं तेच. मी म्हणालो, "अजून."

मग तिनं स्वयंपाक केला. मी टेबलाशी बसून लसूण सोलत होतो, तिनं नको म्हटलं नाही. भात, तूरडाळीचं वरण, वांग्याची भाजी. वांगं इथलं, भोपळ्याएवढं मोठं, चव काही खास नाही. तुझं लोणचं उघडलं, तेव्हा समजलं की दोघांनी अर्धं आधीच फस्त केलं होतं. तिघं जेवायला बसलो. अश्विन ताटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहून राह्यले होते, जसं मी जेवता जेवता उठून जाईन.

मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. भाजी अळणी होती. पाहुणा असतो तर छान झाली म्हणून गिळली असती. मी म्हणालो, "मीठ कमी आहे वं. मीठ आण इकडे."

नूतननं चमचा खाली ठेवला. म्हणाली, "बीपीची गोळी घेता ना तुमी? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"थोडं दे."

"नाई."

"चिमूटभर."

"बाबा, हे माह्यं घर आहे. इथी मीठ मिळणार नाई." असं म्हणून तिनं मिठाची बरणी उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, जिथं माझा हात पोहोचत नाही. अश्विननं तोंडावर रुमाल धरला होता, पण त्यांचे खांदे हलून राह्यले होते.

मी तशीच अळणी भाजी खाल्ली आणि पुन्हा वाढून घेतली.

हे पत्र त्याच टेबलावर बसून लिहून राह्यलो. आत भांडी घासण्याचा आवाज येते. रात्रीच्या जेवणाचं तिनं विचारलं, मी म्हणालो, जे असेल ते.

तुझा खुशाल